थोडक्यात वाचलो

धरणगावच्या जिनिंगमध्ये माझं काम म्हणजे
जे झालं नाही ते लिहून ठेवणं.

आडनाव भोळे, आणि पगार संशय घेण्याचा:
हा पट्टा, ती वायर, गठाणींच्या थप्पीमागे
कुणीतरी विझवलेली, म्हणजे बहुतेक विझवलेली, बिडी.

वही मी जळगावहून आणली, फुले मार्केटातून,
पुठ्ठ्याच्या बांधणीची, दोनशे पानी.
वर स्केचपेननं लिहिलं: थोडक्यात वाचलो.
आत रकाने. तारीख, पाळी, मशीन,
काय होता होता राहिलं.
पाण्याच्या माठाशेजारी टांगली, सुतळीनं पेन बांधून.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला.
वहीवर रुईचा थर बसला, पेनवरसुद्धा.
पहिल्या पानावर एकच नोंद, माझीच:
शिडीची तिसरी पायरी सैल. पडता पडता राहिलो.
खाली कुणी पेन्सिलीनं शिडी काढून ठेवलेली
आणि तिच्यावर एक ढेरपोट्या.

असं नव्हे की काही होत नव्हतं.
सुपडू महाजन प्रेसखालून हात ओढून घेतो
आणि तोच हात कपाळाला लावतो, मनुदेवीच्या दिशेनं.
"हात वाची गया," टपरीवर सांगतो.
मी म्हणतो, वहीत लिही.
"काही व्हयनंच नही, भाऊ. मंग काय लिखानं?"

बरोबर आहे त्याचं.
देवीनं केलं ते देवीकडे जमा.
शेठपर्यंत फक्त झालेलं पोचतं,
तेही रिक्षात घालून सिव्हिलला नेल्यावर.

माझ्या डाव्या करंगळीचं टोक
जामनेरच्या जिनात राहिलं, अठ्ठ्याण्णव साली.
आदल्याच आठवड्यात तिथे एकाचा सदरा अडकला होता.
वाचलो, म्हणाला.
आम्ही सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली.

मग पौष सरता सरता तुळसाबाई कोळी
थेट केबिनमध्ये आल्या, चपला बाहेर काढून.
"माले लिखता येस नही. तुम्ही लिखा."
चार नंबरच्या पट्ट्यात पोरीची ओढणी गेली,
सरकी लोटताना. गळ्याला फास बसायच्या आत
टर्रकन अर्धी पट्ट्यात, अर्धी तिच्या हातात.
"जुनी व्हती म्हनीसन फाटनी."
मी लिहीत होतो.
खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या,
"नवी ऱ्हाती ते?"

शेवटच्या रकान्यात मी तेवढंच लिहिलं,
प्रश्नचिन्हासकट.

चार नंबरचा गार्ड मशीनमागे उभा सापडला,
ग्रीस भरायला काढलेला, दसऱ्यापासून.
त्याच्या आडोशाला कुणी डबा ठेवायचं.
चार बोल्ट. मी स्वतः बसवले.
अकरा मिनिटं लागली.

लिंबाच्या रंगाचा तो तुकडा वहीत पिन केला आहे, दुसऱ्या पानावर.
शेठना म्हटलं, पोरीला नवी घेऊन द्या.
कुठल्या खात्यातून, भोळे?
सुरक्षा साहित्य, मी म्हटलं. एक नग.

दुकानदार कापड ताणून दाखवत होता.
बघा साहेब, मारा हिसका, फाटली तर पैसे परत.
मी मारला.
दोन्ही हातांनी, पुन्हा एकदा.
फाटली नाही,
आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या दुकानात
मला दरदरून घाम फुटला.

आता मशीनघराच्या दाराशी खिळ्यांची रांग आहे.
बाया तिथे ओढण्या टांगतात, केसांवर टोप्या चढवतात,
"डॉक्टरीन दिसी ऱ्हायनी व," एकमेकींना हसतात.
ती नवी ओढणी सहाव्या खिळ्याला असते.

वहीत सव्वीस नोंदी झाल्या.
अर्ध्यांचं अक्षर लागत नाही.
एकीत तर नुसता अंगठा आहे, आणि मशीनचा नंबर, सात.
सात नंबर मी रोज सकाळी बंद करून बघतो,
पट्टा, रोलर, स्विच, खालची जाळी.
अजून मला कळलेलं नाही
तिथे काय होता होता राहिलं.