सहा प्रश्नचिन्हं

खानापूर स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानात
शेवंता मुचंडीकरनं तिसऱ्यांदा फॉर्म भरला.
'जतन करा' दाबलं की
पहिल्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं,
पत्ता पुसलेला,
जन्मतारीख तेवढी शाबूत.

काचेवर बोट टेकवून तिनं मोजली.
"माझं नाव तीन अक्षरी. ही सहा कशी?"
परसू म्हणाला, "काकी, ते
मात्रा, टिंब, काना
सगळं सुटं सुटं मोजतंय."

म्हणजे माझा कानासुद्धा प्रश्न?
आमच्याकडं प्रश्न म्हटला की एकच,
मी जन्मायच्या आधीपासूनचा.
त्यात ही सहांची भर.

मागं रांगेत नंदगडचे ईरप्पा.
त्यांनी कन्नडात नाव घातलं,
पाच आली.
"एक कमीच की ओ तुमच्यापेक्षा,"
म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

इंग्रजीत घाला, घेतंय, परसू म्हणाला.
घेतलं.

पावती निघाली तेव्हा तिनं पेन मागितलं.
छापलेल्या नावाखाली आपलं लिहिलं,
सावकाश,
आणि टिंब असं टोचलं
की कागद उलटा केला
तरी हाताला लागत होतं.