पलटून धरल्यावर

उद्यमनगरात, फौंड्रीच्या काळ्या मातीला लागून आमचं शेड.
मगदूमशेठनी तीन शाफ्ट टेबलावर आपटले :
बेअरिंगची एक बैठक इकडं, दुसरी तिकडं,
पंपवाल्यानं परत धाडलेत.
मग इंद्रजितकडं मान वळवून,
ह्या पोराचा पगार धरा.

इंद्या काही बोलला नाही.
नखातलं ऑईल काढत राहिला.

सुट्टीच्या दिवशी गल्ली गप्प असते.
कुलूप काढलं, ट्यूब लावली, म्हणालो, ये.
आधी कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. आधी डायल.

एका पकडीत कापलास तर शाफ्ट गोलच निघतो,
चक कितीही वाकडा असू दे.
खोड कळते ती पलटून धरल्यावर.

बेडवर फळी टाकून चक उतरवला,
निसटला तर बोटं जातात.
उघड्या स्पिंडलच्या आतल्या उताराला काटा टेकवला,
हातानं फिरवला. काटा झोपलेला.
लाकडी दांड्यानं वर रेटला,
एक घर गेला, माघारी आला.
म्हणजे बेअरिंगं शाबूत.
मशीन म्हातारं, पण कणा ताठ.

चक चढवून ग्राइंड केलेला दांडा धरला.
जबड्यालगत आठ घरं.
वीतभर पुढं सरकलो तर एकवीस.

"दांडाच वाकडा असंल," इंद्या म्हणाला.
असंल. बघू की.
उंच जागेवर खडूची खूण, जबडे सैल,
दांडा अर्धा फिरवून पुन्हा आवळला.
खूण खाली गेली,
उंचवटा मात्र तिथंच, दोन नंबरच्या जबड्यापाशी.
दांडा सुटला.

"मग चक झिजला. शेठ नवा घेणार न्हाईत."
नुसता बाजूला सरकला असता, मी म्हणालो,
तर आठाचे आठच राहिले असते शेवटपर्यंत.
हे वाढत चाललंय. म्हणजे मान तिरकी बसलीय,
मागं कायतरी अडकलंय. घाण.
कुणाच्या तरी आळसाची.
हे मी जरा ऐटीतच सांगितलं.

चक पुन्हा खाली.
बॅकप्लेटच्या तोंडावरनं, लोखंडाला लोखंड भिडतं तिथनं,
बोट फिरवलं.
बोट लाल.

खंडेनवमीला चक मीच उतरवला होता.
डिझेलनं धुतला, पाटावर मांडला,
हळद, कुंकू, अक्षता, झेंडू,
आणि चढवताना पेढ्याच्या गडबडीत
मागचं तोंड पुसायचं राहिलं.
कुंकू तेलात मुरून त्याचा पापुद्रा झालेला,
त्यात तांदळाचा एक दाणा,
चेपून कागद.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं,
त्या दाण्यावर आम्ही शाफ्ट कापत होतो.

खरडलं. रॉकेल, चिंधी, मग तळहात.
चिंधीला न कळणारा कण तळहाताला कळतो.
चढवून पुन्हा दांडा धरला :
इथं दीड घर, तिथं दोन.
ते वयाचं. ते राहू दे.

इंद्या डायलकडं बघत होता, माझ्याकडं नाही.
"शेठना काय सांगायचं?"
घाण हुती म्हणायचं.
"कुणाची, विचारतील."
ट्यूब जरा चर्रचर्र करत होती.
"पगार माझा धरलाय," एवढंच बोलला,
आणि चकाची चावी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पापुद्रा कागदाच्या पुडीत बांधून
शेठच्या टेबलावर ठेवला, तीन शाफ्टांशेजारी.
पुडी सोडली त्यांनी. लाल बघितलं.
डोळे मिटून, सवयीनं,
बोट बुडवून कपाळाकडं नेलं.

थांबा शेठ, म्हणालो.
हा अंगारा न्हवं. आधी ऐका.