पिशवी कमरेच्या खाली

पहाटे चारला उठतो.
पुण्याची नवी डॉक्टरीण हसली, "आजी, उठते म्हणा की."
आमच्या कोल्हापुरात बायकाबी असंच बोलतात, बाई.
उठतो, करतो, निस्तरतो.

आधी हात.
बांगड्या वर सारून, मनगटापर्यंत साबण,
बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली.
सिस्टर बारगीरनं सांगितलंय,
पिशवीला शिवायच्या आधी एकदा, शिवून झाल्यावर एकदा.
मी मधे आणखी एकदा धुतो.
का, ते तिला सांगितलेलं नाही.

ह्यांना उद्यमनगरात बाळगोंडा मिस्त्री म्हणायचे.
चाळीस वर्षं लेथवर.
केसाएवढा फरक नखानं ओळखणारा माणूस.
शेडच्या पत्र्यावरनं पडले
आणि कमरेखालचं सगळं परक्याचं झालं.
लघवी भरली तरी कळत नाही, सांडली तरी नाही.
म्हणून नळी.
नळीला पिशवी.
पिशवीला मी.

पहिल्या वर्षी चुकलो.
पुतण्याचं लग्न, इचलकरंजी.
रिक्षात पिशवी ह्यांच्या मांडीवर ठेवली, वर शालीची घडी,
चार लोकांना दिसू नये म्हणून.
तासभर लाज झाकली.
उतरलेलं परत वर गेलं असणार, तासभर.
तिसऱ्या रात्री दात वाजायला लागले,
लोखंडी पलंग वाजायला लागला,
आणि माझ्याकडं बघून म्हणाले,
"ए पोरा, कूलंट बंद कर."

सीपीआरमध्ये अकरा दिवस.
तिथंच बारगीर भेटली. ओरडली नाही.
म्हणाली, "मावशी, कुणी बघू दे, न बघू दे.
पिशवी कमरेच्या खाली."

घरी आल्यावर ह्यांनी निजल्या निजल्या चित्र काढलं,
पेन्सिलीनं, मापं टाकून.
जुना हेल्पर तातोबा सळईचा हुक वाकवून घेऊन आला.
"चार सूत लांब हाय." परत पाठवला.
दुसरा बसला.
पलंगाच्या खाली वीतभर, फरशीच्या वर चार बोटं.
पिशवी भुईला टेकत नाही, वर चढत नाही.
नळीला पीळ नाही. मांडीला पट्टी, ओढ बसू नये म्हणून.
आणि जोड? जोड उघडायचा नाही.
"सील तोडलं की गॅरंटी गेली," हे म्हणतात,
जसं काही कंपनीचं मशीन दारात उभं आहे.

पिशवी काठोकाठ भरू देत नाही.
खालची तोटी भांड्याला लागू देत नाही.
भांडं वेगळं, त्याची जागा वेगळी,
सून विचारते, "आत्या, इतकं?"
इतकंच.

परवा लघवी गढूळ आली. वासबी.
भाऊजी उठलेच, "मेडिकलातनं मागच्याच गोळ्या आणतो."
"बसा," म्हणालो.
थर्मामीटर लावला. ताप नाही.
हुडहुडी नाही. पोटात कळ नाही.
बारगीरला फोन केला. ती म्हणाली,
"नुसत्या रंगाला गोळी नको, मावशी.
उगाच खाल्ल्या, तर खऱ्या वेळेला चालायच्या नाहीत.
पाणी द्या. पण ताप आला, की बरळले,
तर सकाळची वाट बघू नका."

बरळले तर.
म्हणून आता रोज पहाटे एक काम जास्तीचं.
उखाण्यानंतर पन्नास वर्षांत
ह्यांनी माझं नाव घेतलेलं नव्हतं.
"अगं", "ऐकलंस का", फार तर खाकरणं.
आता मी विचारतो, रोज, ओल्या हातानं,
"माझं नाव काय?"

कारखान्यातली जॉबकार्डाची वही उरली होती, तिच्यात लिहितो.
चार वाजून दहा. साडेचारशे मिली. रंग ताकाच्या निवळीसारखा.
ताप नाही.
शेवटच्या रकान्यात शेरा.

आज विचारलं, तर डोळे मिटलेले.
मग हळूच,
"ए पोरा, कूलंट बंद कर."

भांडं हातातनं सुटलं.

एक डोळा उघडला. मिशी हलली.
"पद्मावती," म्हणाले, "आधी फरशी पूस.
मग हात धू."