कालसोय बेटावरचा टॉवर

मार्युन टॉवरवर चढते, कमरेला दोर.
खाली फेरोच्या मेंढ्या
वाऱ्याला पाठ देऊन तिरप्या उभ्या.

वरची लहर उतावळी,
सगळं एका दमात सांगून टाकते,
पण एखादी मेंढी आडवी आली तरी गप्प.
खालची मुकाट, जाड पायांची;
कड्याला वळसा घालून
दगडी भिंतीतून आत शिरते,
आणते मात्र चिमूटभर.

आज दोघींना तिनं एका गाठीत बांधलं.

दुपारी धुकं उतरलं. बोटीवरचा हानुस
नातीच्या फोनमध्ये
आधी चौकोन चौकोन झाला, मग गेलाच.
आवाज तेवढा राहिला:
"कॉड कमीच मिळाला गं.
बटाटे उकडायला ठेव."

मार्युननं हातमोजा दातांनी ओढला,
नट आणखी अर्धा फेरा आवळला.