अस्तर

कुतायसीत, पुलाजवळ, माझं शिवणाचं दुकान.
गिऱ्हाईक नसलं की कादंबरी.

खुनाची होती ती तिसऱ्याच पानावर उसवली:
गाडीवानाच्या जुन्या कोटाला नवं बटण कशाला?
युद्धाची सातशे पानं. मी रडले
फक्त त्या खेचराकरता.
समुद्रावरचीत पाणीच फार; झोप मात्र छान लागली.
प्रेमाची एक इतकी गोड
की इस्त्री टेकलेलीच राहिली, नातेलाचा झगा जळला.
भरपाई दिली. पुस्तकावर राग नाही.

एक मात्र अर्ध्यातच मिटून ठेवली.
तिच्यातली आई मुलाला पोचवायला स्टेशनावर जात नाही,
गाडी सुटेपर्यंत
घरी घेवडा निवडत बसते.

लेखकाला कुणी सांगितलं?

खूण म्हणून काळा दोरा घातलाय.
गाठ मारलेली नाही.