सदतीस अंश

नमुना चारशे बारा. याकूब हसन सारंग, वय एकावन्न,
सोहार बंदरावरच्या शीतगृहात
उणे अठरामध्ये सुरमईचे खोके रचतो.
दोन्ही पोटऱ्यांवर जांभळे ठिपके,
करवंदं चिरडली आणि पुसायची राहिली, तसे.

आधी दोनदा ‘आढळले नाही’ असं गेलंय.
लिहिणारी मीच.
नळी बर्फाच्या डब्यातून यायची, कुरिअरवाला इमानी,
आणि जे शोधायचं ते वाटेतच गोठून
गुठळीबरोबर कचऱ्यात जायचं.

म्हणून आज सुई मी धरली.
‘कुठलं गाव?’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, संगमेश्वर.
तो दाभोळचा. मूठ जराशी सैल झाली,
शीर सापडली.
कोमट केलेली नळी, चहाच्या थर्मासात सदतीस अंशांचं पाणी,
आणि तरी एसीच्या त्या लांब कॉरिडॉरचा भरवसा नाही
म्हणून थर्मास पोटाशी धरून चालले.
बाहेर सेहेचाळीस. काचेला बोट लावलं तर चटका.
आत माझ्या अंगावर स्वेटर.
इथे थंडी यंत्रातून येते, तिचं बिल येतं.

सीरम निघालं, शहाळ्याच्या पाण्याहून किंचित पिवळं.
चार अंशांवर ठेवलं. सात दिवस.
डॉक्टर नजवांचा रोज फोन. मी रोज, अजून नाही.

तिसऱ्या रात्री तळाशी धूर.
पाचव्या दिवशी पांढरा थर,
पेजेवरची निवळ ओतून उरतो तेवढा.
अंगानं स्वतःच घडवलेली शस्त्रं,
कुणाविरुद्ध ते विसरलेली,
गारठा लागला की एकमेकांना बिलगतात
आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात.
खात्रीसाठी नळी पुन्हा कोमट पाण्यात:
विरघळलं. काही नव्हतंच जणू.
पुन्हा गार. पुन्हा थर.

‘आढळले.’

काउंटरवर तो कागद उलटासुलटा करत राहिला.
‘डॉक्टर म्हनतात, थंडीत जाऊ नको.
बाई, आठ वर्सं पोरं जळतात माझ्यावर.
तू गारव्यात, आमी उन्हात, तुझा नशीब बरा.
आता कंपनीला काय सांगू,
मला ऊन द्या?’
मी पाकीट पुढे केलं. त्याच्या बोटांची टोकं निळसर.
माझ्या हातात मोजे होते,
तरी ती गारी आरपार आली.

रात्री आठला फ्रिजच्या तक्त्यावर सही केली.
चार अंश, ठीक.
नळी अजून आत आहे, आठवडाभर ठेवायची असते.
निघण्याआधी मी ती मुठीत धरून उभी राहते
थर दिसेनासा होईपर्यंत.
हे कुठल्या नियमात नाही,
आणि त्याला याचा काही उपयोगही नाही.