जरा डावीकडं

पहिल्यांदा तो दिसला बेदाण्याच्या शेडमध्ये,
एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली.
सावळजच्या व्यापाऱ्याला नमुन्याचे फोटो हवे होते:
हिरवा माल, लांब दाणा, जाळीवर पसरलेला,
आणि त्या सगळ्या हिरव्यात एक तांबडा.
वाटलं, किडका दाणा असेल.
जाऊन बोटानं चाचपलं.
जाळीवर काही नव्हतं.

भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर.
आभाळाचा काढला. आभाळात, त्याच जागी.
लेन्स फुंकली, पुसली, बदलली,
शेवटी टोपण लावून काळोखाचाच काढला,
तीस सेकंद.
काळोखात तो एकटा जागा होता.

मिरजेला हारूनभाईकडं नेला कॅमेरा.
सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान,
शेजारी भोपळ्यावर तारा चढत होत्या.
भिंगातून बघत म्हणाला,
हा काचेवरचा डाग नव्हे, आतल्या डोळ्यातला.
सेन्सरचा एक कण पेटलाय, आता विझायचा नाही.
पार्ट मिळत नाही, मिळाला तर नव्याच्या किमतीत.
उन्हात वापरू नका, म्हणाला.
तासगावात राहून!
मग चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.
तेव्हा समजलं किती बिघडलंय ते.

मग मी त्याच्याशी जमवून घेतलं.
लग्नात नवरीला म्हणायचो, जरा डावीकडं, अजून थोडं,
आणि बरोबर कुंकवावर आणून बसवायचो त्याला.
कुंकवात कुंकू, कोण बघतंय.
वरातीत बेंजोच्या गाडीवरचा दिवा,
गॅदरिंगला एखाद्या पोरीची रिबीन,
सत्काराला फेट्याचा काठ.
एका नगरसेवकाच्या वाढदिवसाला काहीच तांबडं मिळेना
तर केकवरच्या चेरीपर्यंत वाकवलं साहेबांना.
लोक म्हणायचे, भूपालच्या फोटोत
माणूस कसा नेमका बसवलेला असतो.
मी काय बोलणार.

दर उन्हाळ्यात त्याची भावंडं उगवायची:
एक निळं कोपऱ्यात, दोन पांढरी खालच्या अंगाला.
तो स्वतः शेजारचे तीन धरून मोहरीएवढा.
महिन्याला एकदा मी काळोखाचा फोटो काढायचो,
वजनकाट्यावर उभं राहावं तसा.
वहीत आकडे: चौदा. एकवीस. एकोणचाळीस.

मालनबाई झांबरे आल्या त्या साली.
निराधारच्या फॉर्मला दोन फोटो हवे होते.
सवयीनं तोंडातून गेलं, जरा डावीकडं.
स्क्रीनवर मोठं केलं तेव्हा कळलं
हातानं काय करून ठेवलंय:
मोकळ्या कपाळावर, बरोबर मधोमध.

त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या.
पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.
मी माऊस धरून तसाच.
मग त्याच म्हणाल्या, "पुसा की ते.
सायब परत पाठिवतोय. दोनदा पाठिवलाय आधीच,
एकदा तर डोळं मिटल्यात म्हणून."
पुसलं. शेजारची कातडी उचलून तिथं लावली,
बारीक आठ्यांसकट.
चाळीस रुपये मोजून दिले त्यांनी,
दारात थांबल्या.
"मशिनचंच हाय न्हवं ते?"
व्हय, म्हणालो. मशिनचंच.

गेल्या दिवाळीत सगळाच जांभळा पडला,
वरून खाली रेघा, जुन्या लुगड्याच्या पोतासारख्या.
हारूनभाईला फोनवर सांगितलं.
तो नुसता "हं" म्हणाला.

नवा घेतलाय, हप्त्यावर.
पहिल्याच रात्री टोपण लावून काळोख काढला.
काळोख. कितीही मोठा करा, काळोखच.
वही कपाटावर टाकली.

काल कवठे-एकंदला लग्न होतं.
नवरीला म्हणालो, जरा डावीकडं, अजून थोडं,
अजून,
ती सरकत सरकत खांबाला टेकली
तेव्हा करवली ओरडली, ओ दादा,
भिंतीत घालताय काय तिला!